एकोणीस दिवसांच्या मुलीचा पासपोर्ट

१

पासपोर्ट आला तेव्हा बाइंडरबाईंचे दोन्ही हात कागद चिकटवायच्या खळीत बरबटलेले होते.

खळीत हात असलेल्या बाईकडे सही मागायची नसते, हे अख्ख्या आळीला ठाऊक. पण टपालवाला नवा होता. "सही करा," म्हणून दारात उभा. बाईंनी कोपराने टेबल दाखवलं. "ठेव तिथे. आणि दम धर जरा, पाकीट पळून नाही जात."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, भिंतीला सुया आणि दाभण, आणि या सगळ्यात अठ्ठावन्न वर्षांच्या बाइंडरबाई. नवरा जाऊन चार वर्षं झाली, पण कचेऱ्यांच्या नोंदवह्या अजूनही याच दुकानात बांधल्या जायच्या. बाईंचं काम पक्कं आणि जीभ त्याहून पक्की. त्यामुळे गिऱ्हाईक टिकून होतं आणि नातेवाईक कमी झाले होते.

हात धुऊन त्यांनी सही केली आणि पाकीट पाहिलं. त्यावर दोन पत्ते होते. वरचा लाल रेघ मारून खोडलेला, शेजारी शेरा: 'खोली रिकामी, इसम निघून गेला.' खालचा 'कायमचा पत्ता' म्हणजे हेच दुकान. आणि वर जे नाव होतं ते वाचून बाईंनी पाकीट तिथेच फोडलं.

पाकिटात कोरा करकरीत पासपोर्ट होता. फोटोत तिशीतली बाई, फिकट डोळ्यांची, केस घट्ट मागे बांधलेली. उभ्या जन्मात न पाहिलेली. वडिलांच्या जागी बाईंच्या नवऱ्याचं नाव, आईच्या जागी त्यांचं स्वतःचं. जन्मतारीख तर त्यांना झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती.

त्या तारखेला त्यांना मुलगी झाली होती. ती एकोणीस दिवस जगली. नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं. जन्माच्या नोंदवहीत नावाचा रकाना कोराच राहिला होता.

आणि पासपोर्टावर जे नाव छापलं होतं, ते बाईंनी एकतीस वर्षांत एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. म्हणून मीही इथे उच्चारणार नाही; ते त्यांचं आहे. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला नाही, डॉक्टरला नाही. पोटातल्या पोरीसाठी मनात धरलेलं ते नाव जगात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

२

"म्हणजे ही तुमची मुलगी नाही?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

पासपोर्ट कचेरीतली ती अरुंद खोली. अधिकारी काटकुळे, नाकाला सतत रुमाल. फायलींच्या धुळीने त्यांना शिंका यायच्या आणि नोकरी नेमकी फायलींची. बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव शिंकेसाहेब ठेवून टाकलं.

"माझी मुलगी एकोणीस दिवसांची होऊन गेली," बाई म्हणाल्या. "ही बाई चांगली तीस वर्षं जेवलेली दिसतेय."

"या वर्षातला हा सातवा." साहेबांनी पासपोर्ट मिटला. "परदेशातली माणसं येतात. इथल्या कुणाचा तरी जन्मदाखला मिळवतात, त्यावर आपला पासपोर्ट काढतात आणि तिसऱ्याच देशात पसार होतात. दाखला खरा, शिक्का खरा, माणूस तेवढा खोटा. या वेळी ती बाई घाबरून खोली सोडून गेली, म्हणून पाकीट फिरत फिरत तुमच्याकडे आलं. आणि दाखल्यात नाव घालायच्या अर्जावर सही तुमची आहे."

"माझी सही म्हणजे कोंबडीचे पाय. कुणीही काढेल."

"असेल. पण पासपोर्ट देण्याआधी आम्ही जन्म-मृत्यू कचेरीला लेखी विचारतो. उत्तर आलं, 'जन्माची नोंद आहे. मृत्यूची नोंद आढळत नाही.'" साहेब शिंकले. "कागदावर तुमची मुलगी जिवंत आहे, बाई."

बाईंचा आवाज चढला. "असं? मग आणा तिला. एकतीस वर्षं थोपटायची राहिली आहे माझी. आणा, आत्ता आणा!"

साहेबांनी खाली बघत एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. अडचणीपोटी मी मुलीचा दाखला परक्या माणसाला दिला, माफी असावी, असा मजकूर.

"सही केलीत तर वयाचा विचार होईल. नाही केलीत तर उद्या चार वाजता प्रकरण पोलिसांकडे. पहिल्या आरोपी तुम्ही. कचेऱ्यांची कामंही जातील."

बाईंनी कागद उचलला. उलटासुलटा केला, बोटांत चोळून पाहिला, नखाने दाबून त्याच्या नीट चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला. "कागद चांगला आहे. एखाद्या वहीच्या अस्तराला होईल."

"बाई, ही चेष्टा नाही."

"चेष्टा तुम्ही मांडलीय. मेलेल्या पोरीला जिवंत करता आणि आईला चोर. सही होणार नाही, साहेब. उद्या चारला नाही, परवा चारला नाही." त्या उठल्या, मग पुन्हा वळल्या. "आणि खरा चोर हवा असेल तर चला माझ्याबरोबर. हे नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. ते कुठे, मला माहीत आहे."

३

रस्त्याने चालता चालता बाईंनी सांगितलं.

मुलगी व्हायच्या आदल्या वर्षी जन्म-मृत्यू कचेरीने पुढच्या वर्षासाठी सहा कोऱ्या नोंदवह्या बांधायला दिल्या होत्या. बाईंना सातवा महिना. त्यांनी शिवायचं, सासऱ्यांनी पुठ्ठा चढवायचा. वही शिवून झाली की तिच्या पाठीवर अस्तराचा कागद लावतात, त्यावर कापड, आणि मग तो कागद कायमचा झाकला जातो. एका वहीच्या अस्तरावर कापड लावायच्या आधी बाईंनी शिसपेन्सिलीने ते नाव लिहिलं.

"का?" साहेबांनी विचारलं.

"कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि पोटात तर मावत नव्हतं. मुलगीच होणार असं मी धरून चालले होते. घरात सगळे मुलगा धरून बसलेले." बाई भराभर चालत होत्या. "वह्या सगळ्या सारख्या, सगळ्या कोऱ्या. कुठली जन्माची होणार, कुठली मृत्यूची, मला काय माहीत? पण साहेब, ज्याने हे नाव वापरलं त्याने त्या वहीची पाठ उघडलीय. पाठ उघडल्याशिवाय ते दिसत नाही."

जन्म-मृत्यू कचेरीत तीन खिडक्या होत्या. तिसऱ्या खिडकीवर दाखले मिळत. तिथला कारकून म्हणजे नुसता साखरेचा पाक. त्याला सगळे 'तीन नंबर' म्हणायचे, आणि तो हसून ओ द्यायचा. खिडकीजवळच्या गुंडाळीतून गुलाबी टोकन फाडून प्रत्येकाच्या हातात ठेवायचा आणि म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायचा.

"मावशी! तुम्ही रांगेत कशाला?" म्हणत तो उठलाच. साहेबांनी हकिगत सांगितली, मृत्यूची नोंद कुणीतरी काढून टाकली असावी असा संशयही सांगितला. त्याचा चेहरा पडला. "अरेरे! मावशी, सांगायला जीभ रेटत नाही, पण नोंदवहीतलं पान बदलायचं म्हणजे बाइंडरच लागणार. पाठ सोलायची, पान काढायचं, दुसरं बसवायचं, पाठ परत चिकटवायची. आमच्यासारख्या खर्डेघाशांचं काम आहे का ते?"

बाईंची नजर खाली वळली. त्याच्या टेबलावर खात्याच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक होतं. पानं निसटलेली, पाठीला डिंकाचे थर. शेजारी डिंकाची बाटली.

दफ्तरखाना मागच्या बाजूला होता. तिथे दफ्तरदार. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, जाड भिंगांचा चष्मा, छातीत घरघर. समोर फायलींचा ढीग, हातात दाभण आणि दोरा. फायली ते स्वतः शिवत. शिपायावर विश्वास नाही.

"उत्तरावर सही माझी आहे," ते फटकन म्हणाले. "वहीत जे आहे ते मी लिहितो. वहीत मृत्यू नाही, म्हणून नाही असं लिहिलं. चुकलं काय?"

"आणि वहीच खोटी असली तर?" बाई म्हणाल्या.

"माझ्या वह्या खोट्या? तीस वर्षांत पान सैल झालं तर मी इथे बसून टाका घातलाय, पण वही या खोलीबाहेर दुरुस्तीला पाठवली नाही. नोंद बघायला काढली तर खिडकीपर्यंत जाते आणि परत येते. बास!"

मुलीच्या जन्मवर्षाच्या सहा वह्या खाली काढल्या. धुळीने साहेबांना सलग चार शिंका आल्या. बाईंनी एकेका वहीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पहिली ठीक. दुसरी ठीक. पाच वह्या जशाच्या तशा, एकतीस वर्षांपूर्वी दाबून दिलेल्या.

सहावीच्या पाठीचं कापड एका कडेने उचललेलं होतं आणि तिथेच कसरीने कुरतडलेलं. बाईंनी वास घेतला. "आमच्या खळीत मोरचूद असतो. त्याला कीड तोंड लावत नाही. हा साधा डिंक आहे. पाठ उघडून परत चिकटवलीय."

मग त्यांनी वही उलटून पुठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली. ती मृत्यूची नोंदवही होती. सात महिन्यांची पोटुशी असताना, हसत हसत, पोरीचं नाव त्यांनी तिच्या मरणाच्याच वहीत बंद केलं होतं. बाई रडल्या. आवाज करून रडल्या, पदर लावला नाही, तोंड फिरवलं नाही. दफ्तरदारांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग डोळे पुसून त्यांनी मुलगी गेली ती तारीख काढली. पान होतं, पानावर सात नोंदी होत्या. त्यांच्या मुलीची नव्हती.

"पान बदललंय, हे मान्य," साहेब दारापाशी जाऊन हळूच म्हणाले. "पण बाई, त्या कारकुनाचं म्हणणं खोटं नाही. अशी वही उघडून बसवणारे या शहरात किती?"

"दोघं," बाई म्हणाल्या. "एक मी. दुसरे माझे दीर."

४

दीर आणि भावजय तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला भाऊ गेल्यावर धाकटा म्हणाला, आता शिवणकाम कोण विचारतंय, मशिनी आणू. बाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्या मशिनी घेऊन वेगळं व्हा. तो झाला. पासपोर्ट कचेरीच्या समोरच त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्या दुकानाची पायरी चढल्या. मागे साहेब, रुमालासकट.

"वहिनी?" दीर चाट पडला. "सूर्य कुठून उगवला?"

"भावजी, उगाच पाल्हाळ नको. तुम्ही मृत्यूच्या नोंदवहीतलं पान बदललंत का?"

आता हे विचारायची ही काय पद्धत झाली? पण बाई अशाच. दिराचा चेहरा लालबुंद झाला. "तीन वर्षांनी दारात आलात ते हे विचारायला? कचेरीची माणसं मागेच विचारून गेलीत. त्या सात खोट्या पासपोर्टवाल्यांच्या दाखल्यांच्या प्रती मी काढल्या, हो, इथेच काढल्या. साहेबांना हवं तर लिहून देतो. दाखले घेऊन आले, प्रती दिल्या. तोंडं बघून झेरॉक्स काढत नाही मी! पण पान बदलणं? बापाने बांधलेल्या वहीला मी हात लावीन? तुमची मुलगी माझी कुणीच नव्हती का? मांडीवर घेऊन बसलोय मी तिला, एकोणीसपैकी निदान दहा दिवस!"

तेवढ्यात एक विद्यार्थी आला. हातात मार्गदर्शक पुस्तक, पानं गळलेली. दिराने रागारागातच ते घेतलं, पाठीचा कागद टर्रकन सोलला, निघालेली पानं ठोकून सरळ केली, डिंक फासला आणि पाठ परत दाबून बसवली. "घे. वाळू दे तासभर. डिंकाचं पुस्तक, त्याचं आयुष्य ते किती!"

बाई त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग हसायलाच लागल्या. काल सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या.

"काय झालं?" साहेब गोंधळले.

"काही नाही. मी बावळट आहे, एवढंच." त्यांनी दिराचा हात धरला. "भावजी, चार वाजता दफ्तरखान्यात या. येताना एक कोरी शिवलेली वही आणा. आणि साहेब, तुम्ही तीन नंबरला आणि दफ्तरदारांना बसवून ठेवा. आणि हो, एका वाटीत कोमट पाणी."

५

चार वाजले. दफ्तरखान्यातल्या लांब टेबलाभोवती पाच माणसं. साहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवलं होतं. पोलिसांना द्यायचा कागद त्याच्याखाली. त्यावर पहिलं नाव बाइंडरबाईंचं.

बाईंनी कोरी वही मध्ये सरकवली. "भावजी, यातलं हे पान मला काढून हवंय. सुरुवात कुठून कराल?"

दिराने वही उघडली, थोडी पानं उलटली आणि जिथे धागा दिसत होता तिथे बोट ठेवलं. "इथून. जुजाच्या मधला टाका सोडायचा."

"दफ्तरदार, तुम्ही?"

दफ्तरदारांनी दाभणाचं टोक त्याच धाग्यावर टेकवलं. "आणखी कुठून?"

"साहेब, हे ध्यानात घ्या," बाई म्हणाल्या. "चार ताव एकात एक ठेवून मधोमध दुमडले की आठ पानं होतात. त्याला आम्ही जुज म्हणतो. मधल्या घडीत धागा घालून शिवतात. पानं त्या धाग्याने धरलेली असतात. पाठीवरचं कापड आणि अस्तर म्हणजे नुसता वरचा अंगरखा. पान बदलायला पाठीला हात लावावा लागत नाही. टाका सोडायचा, ताव सरकवायचा, दुसरा घालायचा, परत टाका. मी किंवा भावजींनी हे काम केलं असतं, तर ती पाठ आज जशीच्या तशी असती आणि तुम्हाला सात जन्मांत पत्ता लागला नसता."

दीर गालात हसला.

"पण चोराने पाठ सोलली. का? कारण त्याने आयुष्यात डिंकाचीच पुस्तकं हाताळली. त्याला वाटलं, सगळीच पानं पाठीला चिकटवलेली असतात. सोलल्यावर आत धागा दिसला, तेव्हा अडला. मग पान ओढून फाडलं. आणि इथे फसला. प्रत्येक पानाला घडीपलीकडे एक जोडीचं पान असतं, एकाच तावाचं. एक ओढलं की दुसरं सुटतं. बघा." त्यांनी मृत्यूची वही उघडली. "हे खोटं पान डिंकाने चिकटवलेलं. आणि हे पलीकडचं, खरं असूनही डिंकाने चिकटवलेलं. खोट्या पानाचा कागद कुठला? शेवटच्या जुजात आठाऐवजी सातच पानं आहेत, मी मोजलीत. साहेब, ज्याने हे केलं त्याला शिवणं येत नाही. त्यामुळे बाइंडर यातून बाद."

"वा, मावशी!" तीन नंबर टाळी वाजवल्यासारखा बोलला. "मला मनापासून आनंद झाला. पण मग शिवता न येणारं अख्खं शहर आलं की संशयात."

"अख्ख्या शहराला ही वही टेबलावर घेऊन बसता येत नाही. वही या खोलीबाहेर जाते ती फक्त खिडकीपर्यंत, हे दफ्तरदार काल बोलले. खोलीत दफ्तरदार. त्यांच्या हातात दाभण असतो, सैल पानांना ते स्वतः टाके घालतात. ते पाठ कशाला सोलतील? राहिली खिडकी." बाई त्याच्याकडे वळल्या. "वही खाली काढायच्या आधी, पाठ सोललेली कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत? पाठ सोलायची, पान काढायचं, पाठ परत चिकटवायची. बाइंडर असं करतच नाहीत. असं करतो तो फक्त ज्याने हे केलं तो."

तीन नंबरचं हसू जागेवरच होतं, पण जरा ताणलेलं. "बोलण्यात काय, मावशी, माणूस अंदाजाने बोलतो. कोर्टात हे चालेल?"

साहेबांनीही मान हलवली. "पुरावा लागेल, बाई."

"म्हणून तर पाणी मागवलंय."

बाईंनी बोळा भिजवून पाठीच्या कापडावर ठेवला. "आतला अस्तराचा कागद सोलताना फाटतो. मग दुसरा लावावा लागतो. बाइंडर काय आणि चोर काय, अस्तराला सगळे रद्दीच घेतात. हाताशी असेल ती." पाच मिनिटं कापड भिजू दिलं. दफ्तरदारांच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग बाईंनी हाडाची पट्टी सरकवून कापड अलगद उचललं.

खाली कागदाची एक लांब पट्टी होती. फिकट गुलाबी.

"आधी तिच्याखाली बघू," बाई म्हणाल्या. पट्टीचं टोक भिजवून त्यांनी ती उचलली. खाली जुन्या, पिवळ्या अस्तराचा अर्धा तुकडा उरला होता. त्यावर शिसपेन्सिलीने, कोवळ्या हाताने लिहिलेलं ते नाव. शेवटचं अक्षर फाटून गेलेलं. साहेबांनी पासपोर्ट शेजारी धरला, दोन्ही नावं वाचली, आणि धूळ असूनही त्यांना शिंक आली नाही.

मग बाईंनी ती गुलाबी पट्टी उलटी केली. ओळीने छापलेलं होतं: 'खिडकी ३. आपला क्रमांक. खिडकी ३. आपला क्रमांक.'

"रुंदी बरोब्बर जमली ना, पाठीला?" बाईंनी विचारलं.

तीन नंबर उठला. दाराशी दिराने हात आडवा धरला. तेव्हा मात्र सगळा पाक आटला. "काय एवढं बिघडलं?" तो ओरडला. "कोरा रकाना होता! एकोणीस दिवसांची पोर, नाव नाही, गाव नाही! नाव घालायचं होतं, सुचत नव्हतं, समोर दिसलं ते घातलं. कुणाचं काय गेलं? तिच्यासाठी कुणी विचारायला येणार नव्हतं!"

"मी आले," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळाखालचा कागद काढला, पहिल्या ओळीतलं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

६

आठवड्याने साहेब पुन्हा दफ्तरखान्यात आले तेव्हा बाई आणि दीर आधीच तिथे बसले होते. तीन नंबरच्या कपाटात बाकीच्या सहांच्या मृत्यूनोंदींची फाडलेली कात्रणं सापडली होती. ती सगळी तान्ही असताना गेलेली, सगळी बिननावाची. त्यांच्या घरी पत्रं गेली. फोटोतली बाई अजून मिळाली नव्हती.

"मिळाली तर तिला सांगा," बाइंडरबाई म्हणाल्या, "पोटासाठी देश सोडलास, त्याला माझी ना नाही. पण स्वतःच्या नावाने ये. माझ्या पोरीकडे एकच चीज होती, ती कशाला नेतेस?"

साहेबांनी मान डोलावली. मग चाचरत म्हणाले, "बाई, आता जन्माच्या वहीतलं ते खोटं नाव लाल शाईने रद्द करावं लागेल. रकाना पुन्हा कोरा होईल."

"खबरदार!" बाई ताडकन उठल्या. "लिहिणारा खोटा होता. नाव खरं आहे. तेवढं एकच खरं आहे त्या सगळ्या भानगडीत. मला अर्ज द्या, मी आई आहे, मी नाव लावते."

"मेलेल्या अपत्याचं नाव इतक्या वर्षांनी लावता येतं, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही," दफ्तरदार म्हणाले.

"लावता येत नाही असं लिहिलंय? दाखवा."

दफ्तरदारांनी नियमांचं पुस्तक काढलं. चष्मा पुसला. पानं उलटत राहिले, मागून पुढे आणि पुढून मागे. बाई उभ्याच. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "नाही लिहिलेलं," म्हणाले, आणि अर्ज पुढे केला.

त्यांनी जन्माच्या वहीतली खोटी नोंद खोडली आणि खाली, आईच्या अर्जावरून, तेच नाव पुन्हा लिहिलं. मग दर वर्षी वरच्या कचेरीत जमा होणाऱ्या नकलेवरून, जी यायला आठवडा लागला होता, मृत्यूचं पान नव्याने उतरवायला घेतलं. आठवी नोंद आली. वडील, आई, वय दिवस एकोणीस. नावाच्या रकान्यापाशी त्यांनी लेखणी थांबवली. अर्ज समोर होता, नाव त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी वर पाहून विचारलं, "नाव?"

बाइंडरबाईंनी ते नाव मोठ्याने उच्चारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, दिराने डोळ्यांवर हात धरला.

पुढचं काम घरचंच होतं. दिराने दोऱ्याला मेण लावलं. बाईंनी जुजाच्या मध्यावर वही उघडली, जुना टाका सोडला, नवा ताव घातला आणि शिवला. पाठीला अस्तर लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा टाइप केलेला कागद काढला. अडचणीपोटी मी मुलीचा दाखला परक्या माणसाला दिला. साहेबांनी तो ओळखला आणि रुमालात तोंड खुपसलं.

बाईंनी त्यातली पट्टी कापली, खळ लावून बसवली. मग दफ्तरदारांची लेखणी मागून घेतली आणि त्या कागदावर ते नाव पुन्हा लिहिलं, ठसठशीत, या खेपेला शाईने. वही फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"आता सोलू दे कुणाला सोलायचं तर," म्हणाल्या, आणि कापड दाबून बसवलं.